व्हीआर वेल्डिंगच्या सरावातील गुण, पातळ्या आणि क्रमवारी: काय ठेवावे, काय बंद करावे

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डर व्यवसाय शिकवणाऱ्या एका शिल्पनिदेशकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेला पाच व्हीआर (आभासी वास्तव दाखवणारे) हेडसेट आणि त्यांवर चालणारे वेल्डिंगचे सिम्युलेटर मिळाले आहे. प्रत्येक बीड (सांध्यावर बसणारी वितळलेल्या धातूची रेघ) संपला की त्यात तारे मिळतात, नाणी जमा होतात, पुढची पातळी उघडते आणि भिंतीवरच्या पडद्यावर तुकडीतील वीसही जणांची क्रमवारी दिसते. पहिले दोन आठवडे मुले हेडसेट सोडायला तयार नव्हती. तिसऱ्या आठवड्यात कार्यशाळेत खरी प्लेट समोर आली, तेव्हा क्रमवारीत पहिला असलेल्या मुलाला आर्क (वेल्डिंगचा रॉड आणि प्लेट यांच्यामध्ये पेटणारी विजेची ज्योत) सलग धरता येईना. खेळाचे हे घटक ठेवावेत की काढावेत, ठेवायचे तर कोणते, आणि सिम्युलेटरवरचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरावेत का, असे त्यांनी विचारले आहे.

मी बारा वर्षे वेल्डिंग शिकवले आणि पुढची आठ वर्षे अशाच सिम्युलेटरसाठी सरावाची आखणी केली. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की खेळाचे घटक ठेवावेत, पण दोन अटींवर. पहिली अट अशी की गुण ज्या गोष्टीचे मिळतात, ती गोष्ट खऱ्या प्लेटवर बीडच्या रूपाने दिसणारी असली पाहिजे. दुसरी अट अशी की यंत्राची मदत दर आठवड्याला थोडी थोडी कमी होत गेली पाहिजे आणि शेवटी मुलाला स्वतःचा बीड स्वतःच पारखता आला पाहिजे. आपल्या संस्थेत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये या दोन्ही अटी मोडलेल्या दिसतात. त्यात मुलांचा दोष नाही आणि आपलाही नाही.

आधी ‘खेळाचे घटक’ म्हणजे काय ते नेमके ठरवू या, कारण या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. २०११ मध्ये सेबास्टियन डेटरडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली व्याख्या आजही प्रमाण मानली जाते: जे मुळात खेळ नाही, तिथे खेळाच्या रचनेतील घटक वापरणे. या व्याख्येत नाणी, तारे आणि बिल्ले बसतात, तसेच स्पष्ट उद्दिष्ट, चढत्या पातळ्या, केलेल्या कृतीचा ताबडतोब कळणारा परिणाम आणि चुकले तरी पुन्हा करून पाहण्याची मुभा याही गोष्टी बसतात. माझ्या मते शिकवण्याचे काम हा दुसरा गटच करतो. पहिला गट मुलाला यंत्रापाशी आणतो आणि काही दिवस तिथे टिकवतो, एवढाच त्याचा उपयोग. सॉफ्टवेअर विकणारे मात्र नेमका पहिला गट दाखवतात, कारण तो पडद्यावर उठून दिसतो.

व्हीआरमधला सर्वांत मोठा खेळ-घटक तर कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. तो म्हणजे चुकण्याची किंमत नसणे. खऱ्या कार्यशाळेत नवा मुलगा आर्क पेटवायला जातो, रॉड प्लेटला चिकटतो, होल्डर हलवून तो सोडवावा लागतो, रॉडचे आवरण फुटते, आणि तासाभरात पाच-सहा रॉड वाया जातात. मागे एकोणीस जण रांगेत उभे असतात. त्यामुळे त्या मुलाच्या वाट्याला आर्क पेटवण्याचे दहा-पंधरा प्रयत्नच येतात. सिम्युलेटरवर तोच मुलगा पंधरा मिनिटांत त्याहून कितीतरी जास्त वेळा आर्क पेटवू शकतो. ही मुभा तारे आणि नाण्यांशिवायही मिळते. म्हणून सगळी सजावट बंद केली तर हेडसेट निरुपयोगी होतील, ही भीती मनातून काढून टाकावी.

आता पहिल्या अटीकडे वळतो. माझ्याकडे अगदी असाच एक मुलगा होता. सिम्युलेटरवर तो सलग आठ दिवस पहिला होता. खऱ्या प्लेटवरचा त्याचा पहिला बीड मी स्लॅग (वर साचलेली मळीची खपली) काढून पाहिला, तर तो अरुंद होता, कडेला अंडरकट (प्लेटमध्ये खाच) पडला होता आणि दोन्ही बाजूंना स्पॅटर (धातूचे थेंब) उडाला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मागे खुर्ची घेऊन बसलो आणि तो सिम्युलेटरवर काय करतो ते पाहिले. त्याने कोपर स्टँडच्या कडेला टेकवले होते, त्यामुळे रेघ सरळ येत होती. हात मात्र तो सपाट्याने ओढत होता, कारण ठरलेल्या वेळेच्या आत बीड पूर्ण केला की सॉफ्टवेअर जादा गुण देत होते. आर्कची लांबी मध्ये दुप्पट झाली तरी एकूण बेरजेत त्याचे दोन-तीन गुणच कमी होत. त्या मुलाने काहीही लबाडी केली नव्हती. यंत्राने जे मागितले, ते त्याने मन लावून दिले होते.

या उदाहरणात दोन चुका आहेत आणि त्या बहुतेक सिम्युलेटरमध्ये सापडतात. एक चूक वेळेच्या बोनसची. वेल्डिंगमध्ये ट्रॅव्हल स्पीड, म्हणजे हात पुढे सरकण्याचा वेग, हे स्वतःच एक मोजमाप आहे. वेग जास्त झाला तर बीड अरुंद होतो आणि धातू नीट एकजीव होत नाही. कमी झाला तर धातू साचतो आणि स्लॅग पुढे येऊन अडकू शकतो. ज्या गोष्टीला वरची आणि खालची अशी दोन्हीकडे मर्यादा असते, तिला ‘जितके जलद तितके चांगले’ असा गुण लावणे म्हणजे मुलाला चुकीचे वेल्डिंग शिकवणेच आहे. वेळेचा बोनस आजच बंद करावा. या बाबतीत मला कुठलाही अपवाद मान्य नाही.

दुसरी चूक बेरजेची. साध्या रॉड वेल्डिंगमध्ये हाताच्या चार गोष्टी पाहायच्या असतात: आर्कची लांबी, रॉडचा कोन, पुढे सरकण्याचा वेग आणि सांध्यावरून न ढळणे. ३.१५ मिमीच्या रॉडला आर्कची लांबी रॉडच्या गाभ्याच्या व्यासाएवढी, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर हवी. सपाट स्थितीत पुढे जाण्याच्या रेषेशी रॉडचा कोन ७० ते ८० अंशांच्या दरम्यान हवा. या चारही गोष्टींचे गुण एकत्र मिळवले की तीन चांगल्या गोष्टींच्या आड चौथी वाईट गोष्ट लपते. प्लेटवर मात्र तसे होत नाही. कोन, वेग आणि रेषा बरोबर असून आर्क लांब असेल तर सांधा वाईटच येतो. म्हणून बेरीज न करता चारांपैकी जो गुण सर्वांत कमी असेल तोच त्या बीडचा गुण धरावा, असे मी गेली अनेक वर्षे सांगत आलो आहे. पहिले काही दिवस मुले कुरकुरतात, कारण ९० वरून गुण एकदम ४० वर येतात. मग ती आपणहून विचारू लागतात, “सर, माझा कमी गुण कशात गेला?” हा प्रश्न मुलाच्या तोंडून येणे, हेच मला त्या गुणांकडून हवे असते.

उत्तीर्ण होण्याची रेषा कुठे ओढायची, हे कंपनीवर सोडू नये. शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणातील एक जुना प्रयोग इथे फार उपयोगी पडतो. २००२ मध्ये येल विद्यापीठातील सेमूर आणि सहकाऱ्यांनी १६ निवासी डॉक्टरांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या प्रशिक्षणासोबत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा व्हीआर सराव दिला, दुसऱ्याला दिला नाही, आणि मग दोन्ही गटांनी केलेल्या पित्ताशयाच्या खऱ्या शस्त्रक्रियेचे चित्रीकरण तपासले. सराव केलेल्या गटाने पित्ताशय वेगळे करण्याचा भाग २९ टक्के कमी वेळात पूर्ण केला, आणि सराव न केलेल्या गटात पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट होती. त्या सिम्युलेटरमधली चित्रे आजच्या मानाने अगदी साधी, गोळे आणि रेषा यांपुरती होती. सरावाचे तास मात्र ठरलेले नव्हते. अनुभवी शल्यचिकित्सकांनी त्याच यंत्रावर जी पातळी गाठून दाखवली होती, तिथवर पोहोचेपर्यंत प्रत्येकाने सराव करायचा होता. खेळाच्या भाषेत सांगायचे तर पातळी होती, ती पार करण्याचा निकष होता आणि तो निकष त्या कामातल्या जाणत्या माणसांच्या हाताने ठरलेला होता.

आपणही तसेच करावे. आपल्या संस्थेतील दोन-तीन अनुभवी शिल्पनिदेशकांनी आणि जमल्यास जवळच्या फॅब्रिकेशन शॉपमधील एखाद्या मुरलेल्या वेल्डरने सिम्युलेटरवर प्रत्येकी दहा बीड घालावेत. पहिले तीन सोडून द्यावेत, कारण यंत्राची सवय व्हायला तेवढे लागतात. उरलेल्यांवरून प्रत्येक मोजमापाची मर्यादा ठरवावी. या प्रयोगातून आणखी एक गोष्ट कळते. पंचवीस वर्षे वेल्डिंग केलेल्या माणसाला सिम्युलेटर कमी गुण देत असेल, तर चूक त्या माणसात नसून यंत्राच्या मोजण्यात आहे, आणि मुलांच्या हाती देण्याआधी ते यंत्र दुरुस्त करून घ्यायला हवे.

पातळी एका सर्वोत्तम प्रयत्नावर उघडू नये. एखादा बीड नशिबानेही चांगला येतो. ओळीने तीन बीड निकषात बसले, तरच पुढची पातळी उघडावी. पातळ्यांचा क्रम आपल्या अभ्यासक्रमातल्या स्थितींचाच ठेवावा: आधी सपाट, मग हॉरिझॉन्टल (आडवी), मग व्हर्टिकल (उभी), मग ओव्हरहेड (डोक्यावरची). मी याला आणखी एक अट जोडतो, ती म्हणजे सिम्युलेटरवरची पुढची पातळी सिम्युलेटरने उघडायचीच नाही. मुलाने सपाट स्थितीतला खरा जॉब (प्लेटवर केलेले वेल्डिंगचे काम) आणून दाखवायचा, शिल्पनिदेशकांनी तो पाहायचा, आणि मग त्याला हॉरिझॉन्टलचे दार उघडून द्यायचे. यामुळे कार्यशाळा आणि हेडसेट यांची सांगड बसते आणि मुले आभासी प्लेटवरच रमून राहत नाहीत. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात वेल्डिंगवर जे प्रयोग झाले, त्यांतही सरावाचा अर्धा वेळ सिम्युलेटरवर आणि अर्धा खऱ्या वेल्डिंगवर घालवलेल्या गटाने केवळ पारंपरिक सराव केलेल्या गटापेक्षा चांगली कामगिरी दाखवली होती. सिम्युलेटर कार्यशाळेच्या जागी न आणता तिच्या जोडीला आणावा, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

आता दुसरी अट, जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. सिम्युलेटरमध्ये बीड घालताना रॉडच्या टोकाशी रंगीत खुणा दिसतात. कोन बरोबर असेल तर बाण हिरवा, चुकला तर लाल. आर्क लांबली तर वर्तुळ मोठे होते. वेग दाखवणारा एक ठिपका पुढे सरकत राहतो आणि मुलाने त्याच्या मागोमाग जायचे असते. या खुणांमुळे मुलाचा हात पहिल्याच दिवशी सुधारतो आणि पाहुण्यांना दाखवायला ते फार छान दिसते. पण त्या वेळी मूल काय पाहत असते? ते बाणाकडे आणि ठिपक्याकडे पाहत असते. खऱ्या वेल्डिंगमध्ये बाण नसतो. तिथे काळ्या काचेतून फक्त वितळलेल्या धातूचे डबके दिसते, त्याच्या मागच्या कडेचा आकार दिसतो आणि कानावर आर्कचा आवाज पडतो. ज्या मुलाने दोन आठवडे बाण पाहिला, त्याने दोन आठवडे डबके पाहिलेले नसते. आपल्या क्रमवारीत पहिला असलेला मुलगा खऱ्या प्लेटसमोर अडखळला, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

हालचालींच्या शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांना ही गोष्ट जुनी आहे. १९८४ मध्ये सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी तोवरचे संशोधन एकत्र तपासून असे मांडले की प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला तर सराव चालू असेपर्यंत कामगिरी चांगली दिसते, पण शिकणारा त्या सांगण्यावर टेकू लागतो आणि ते काढून घेतले की कामगिरी ढासळते. १९९० मध्ये विन्स्टीन आणि श्मिट यांनी निम्म्याच प्रयत्नांचा निकाल सांगितला आणि तोही सुरुवातीला जास्त, नंतर कमी. काही काळाने घेतलेल्या चाचणीत हा गट दर वेळी निकाल ऐकणाऱ्या गटापेक्षा सरस ठरला. खेळ बनवणाऱ्याला दर सेकंदाला काहीतरी चमकावे असे वाटते आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, कारण त्याला माणूस खेळात धरून ठेवायचा असतो. आपल्याला मात्र मुलगा एक दिवस यंत्राविना उभा राहायला हवा आहे.

म्हणून खुणा उतरत्या क्रमाने ठेवाव्यात. पहिल्या दोन बैठकांना सगळ्या खुणा चालू असू द्याव्यात, म्हणजे कोन आणि लांबी म्हणजे काय ते हाताला कळेल. त्यानंतर एक बीड खुणांसह आणि एक खुणांविना. पुढच्या आठवड्यात बीड घालताना एकही खूण नको. आलेख फक्त बीड संपल्यावर दाखवावा. त्याही पुढे आलेख दाखवण्याआधी मुलालाच विचारावे.

मी योजलेल्या सगळ्या खेळ-घटकांत हा शेवटचा मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. बीड संपला की मुलाने हेडसेट काढायचा आणि यंत्राचे गुण पाहण्यापूर्वी चारही गोष्टींना स्वतः गुण द्यायचे. ‘आधी तू सांग, मग यंत्र सांगेल’ एवढाच नियम. मग यंत्राचे गुण आणि मुलाचे गुण शेजारी लिहायचे. जिंकतो तो, ज्याचा अंदाज यंत्राच्या सर्वांत जवळ जातो; बीड वाईट असला आणि तो वाईट आहे हे त्याने ओळखले असेल, तरीही तो जिंकतो. सुरुवातीला सगळी मुले स्वतःला भरपूर गुण देतात. दोन आठवड्यांत वेगळेच ऐकू येऊ लागते. एका मुलीने हेडसेट काढता काढता मला सांगितले होते, “सर, दोन तृतीयांश झाल्यावर माझा हात वर राहिला.” आम्ही आलेख उघडला, तर आर्कच्या लांबीची रेघ नेमकी तिथेच चढत गेलेली होती. त्यामागचे कारणही तिला कळले होते: रॉड जळत जातो तसा तो आखूड होतो, ३५० मिमीचा रॉड संपत येताना हात प्लेटच्या जवळ नेत राहावा लागतो, आणि नवशिक्याचा हात एकाच उंचीवर थांबून राहतो. ज्या सिम्युलेटरच्या होल्डरमध्ये रॉड खरोखर आत सरकत जातो, त्याच्यावरच हे शिकता येते. आपल्या यंत्रात तशी सोय नसेल, तर हा एक धडा कार्यशाळेतच द्यावा लागेल. त्या मुलीने आठवड्याभरानंतर खऱ्या प्लेटवर बीड घातला, तेव्हा तिला आलेखाची गरज उरली नव्हती. तिने चिपिंग करून (हातोडीने स्लॅग झाडून), ब्रश मारून बीड पाहिला आणि चुकीच्या जागी स्वतःच खडूने खूण केली.

क्रमवारीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ती भिंतीवरून काढावी. आपल्या तुकड्यांत आठवी झालेला मुलगा असतो, बारावी झालेली मुलगी असते, आणि काकाच्या ग्रिलच्या दुकानात तीन वर्षे काम करून आलेला मुलगाही असतो. पहिल्या दिवशी जो वर असतो तोच बहुधा शेवटपर्यंत वर राहतो आणि खालच्या आठ-दहा जणांना रोज आपले नाव तळाशी वाचावे लागते. २०१५ मध्ये हॅनस आणि फॉक्स यांनी एका विद्यापीठातील अभ्यासक्रमाच्या दोन वर्गांची १६ आठवडे तुलना केली. एका वर्गात बिल्ले आणि क्रमवारी होती, दुसऱ्यात नव्हती. क्रमवारी असलेल्या वर्गाची शिकण्याची ओढ आणि समाधान कालांतराने कमी झाले आणि अंतिम परीक्षेतले गुणही कमी पडले. त्याहून जुना प्रयोग १९७३ चा, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा: ज्या बालवाडीतील मुलांना चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांना ‘चित्र काढले तर बक्षीस’ असे आधी सांगितले, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुले पूर्वीइतकी चित्रांकडे वळेनात. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले, त्यांची आवड मात्र कायम राहिली. यावरून सगळी बक्षिसे वाईट असे मी म्हणत नाही. ज्या मुलाला आर्क पेटला की मनापासून आनंद होतो, त्या आनंदावर नाण्यांचा ढीग ओतू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

क्रमवारीच्या जागी दोन गोष्टी चालतात. एक म्हणजे प्रत्येकाचा स्वतःचा आलेख: गेल्या सोमवारी मी कुठे होतो आणि आज कुठे आहे. दुसरी म्हणजे जोडीचे गुण. पाच हेडसेट आणि वीस मुले असतील तर एका हेडसेटमागे चार जण येतात, आणि ही अडचण न मानता तिचा उपयोग करून घेता येतो. एक जण बीड घालतो, दुसरा पडद्यावर त्याची दृष्टी पाहत कोन आणि लांबी यांबद्दल तोंडी सूचना देतो, तिसरा वहीत लिहितो आणि चौथा खऱ्या रॉड-होल्डरने कोरड्या प्लेटवर आर्क न पेटवता हात फिरवण्याचा सराव करतो. पंधरा मिनिटांनी जागा बदलायच्या. गुण बीड घालणाऱ्याला आणि सूचना देणाऱ्याला मिळून मिळतात. दुसऱ्याचा हात पाहून चूक सांगणारे मूल स्वतः लवकर सुधारते, हे मी इतक्या तुकड्यांत पाहिले आहे की आता एकट्याने करायचा सराव मी आखतच नाही.

सजावटीबद्दल थोडेसे. व्हीआरमध्ये माणूस त्या जगाच्या आत उभा असतो, त्यामुळे संगणकाच्या पडद्यावर जे सौम्य वाटते, ते तिथे अंगावर येते. मक्रान्स्की, टर्किल्डसन आणि मेयर यांनी विज्ञानाची एकच आभासी प्रयोगशाळा काही विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावर आणि काहींना हेडसेटमधून दिली. हेडसेटवाल्यांना आपण तिथेच आहोत असे अधिक वाटले, पण ते शिकले कमी, आणि मेंदूच्या लहरींच्या नोंदींत त्यांच्यावरचा ताणही अधिक दिसला. पॅरॉन्ग आणि मेयर यांना २०१८ मध्ये साध्या स्लाइड पाहणारा गट व्हीआर गटापेक्षा चाचणीत पुढे गेल्याचे आढळले. व्हीआरमधला धडा तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांना सारांश लिहायला लावला, तेव्हा व्हीआर गटाचे शिकणेही सुधारले. हे दोन्ही प्रयोग पुस्तकी विज्ञानाचे आहेत, हातकामाचे नाहीत, म्हणून ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण डोळ्यांसमोर फटाके, कडेला उडणारी नाणी आणि मागे वाजणारे संगीत यांची जागा त्यांवरून ठरवता येते. संगीताला तर माझा ठाम विरोध आहे. आर्कची लांबी बरोबर असली की कढईत भजी तळताना येतो तसा एकसारखा चरचर आवाज येतो. आर्क लांबली की तो फुसफुसतो आणि तुटक होतो. अनुभवी वेल्डर निम्मे काम कानाने करतो. तो आवाज संगीताखाली दाबून टाकणे म्हणजे मुलाचा एक शिक्षक काढून घेण्यासारखे आहे.

सुरक्षिततेला गुण लावू नयेत. हेल्मेटची काच खाली न घेता आर्क पेटवला तर पाच गुण वजा, अशी रचना मी पाहिली आहे आणि ती धोकादायक आहे, कारण पाच गुण इतरत्र भरून निघतात आणि हिशेबी मूल तसेच करते. काच वर असताना आर्क पेटला की प्रयत्न तिथेच थांबला पाहिजे, दृश्य बंद झाले पाहिजे आणि तो बीड नोंदला जाता कामा नये. हातमोजे, ॲप्रन आणि अर्थिंगची तपासणी यांनाही हाच नियम लावावा. आर्कच्या प्रकाशाने डोळ्यांना इजा झालेल्या मुलाने डोळ्यांत वाळू गेल्यासारखे तळमळत काढलेली रात्र ज्या शिक्षकाने पाहिली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आणि एक लक्षात ठेवावे: व्हीआरमध्ये ना उष्णता असते, ना केबलचे पूर्ण वजन, ना पायावर पडणारी ठिणगी. खेळात निर्धास्त झालेले मूल कार्यशाळेत पहिल्या दिवशी थोडे घाबरले तर ते योग्यच आहे. ‘सिम्युलेटरवर तर जमत होते’ असे म्हणून त्याला हिणवू नये.

अंतर्गत मूल्यमापनात सिम्युलेटरचे गुण धरू नयेत. एकदा ते धरले की मुले गुणांसाठी खेळू लागतात, कोपर टेकवतात, आणि ‘आधी तू सांग’ या खेळातला प्रामाणिकपणा निघून जातो, कारण वाईट बीडला वाईट म्हणणे मग परवडत नाही. सिम्युलेटरवरची पातळी ही खऱ्या जॉबवर बसण्याची परवानगी एवढीच ठेवावी आणि गुण जॉबलाच द्यावेत.

वापराच्या दोन-चार गोष्टी चटकन सांगतो. एका वेळी पंधरा, फार तर वीस मिनिटे. वेल्डिंगमध्ये मूल एका जागी उभे किंवा बसलेले असल्यामुळे मळमळ कमी होते, तरी कुणाला गरगरले तर लगेच हेडसेट काढावा आणि ‘एवढी पातळी पूर्ण कर’ असा आग्रह धरू नये. एप्रिल-मे महिन्यांत घामाने हेडसेटचा फोम ओला होतो, म्हणून पुसता येणारी आवरणे आणि प्रत्येक मुलामागे पुसण्याची शिस्त हवी. चष्मा असलेल्यांसाठी हेडसेटमध्ये चष्म्याला जागा करणारी मधली पट्टी लावून घ्यावी. सूचना मराठीत आणि दोन-तीन शब्दांच्या असाव्यात. “हात खाली”, “सावकाश”, “कोन पाहा” एवढे पुरते.

आता पुरवठादार म्हणतील की सॉफ्टवेअरमध्ये बदल करता येत नाही. त्यांच्याकडे चारच गोष्टी मागाव्यात: वेळेचा बोनस बंद करण्याची सोय, चारही मोजमापांचे वेगवेगळे आलेख, निकषांचे आकडे शिल्पनिदेशकांना बदलता येण्याची मुभा, आणि प्रत्येक प्रयत्नाची नोंद बाहेर काढता येणे. हे मिळाले नाही तरी अडून बसू नये. क्रमवारीच्या पडद्याची वायर काढावी, आवाजातले संगीत बंद करावे आणि दोनशे पानी वही घ्यावी. प्रत्येक मुलाला एक पान. पानावर तारीख, स्थिती, मुलाने स्वतःला दिलेले चार गुण, यंत्राने दिलेले चार गुण आणि शेवटी शिल्पनिदेशकांसाठी एक रिकामा रकाना. आज क्रमवारीत पहिला असलेल्या त्या मुलापासूनच सुरुवात करावी, खुणा बंद करून आणि कोपर स्टँडवरून उचलून. त्याचे गुण उतरतील, तो नाराज होईल; त्याला कारण समजावून सांगावे, तो समजून घेईल. त्याच्या आणि यंत्राच्या आकड्यांत सलग तीन बीड फारसा फरक राहिला नाही की त्याला १० मिमीची खरी प्लेट द्यावी, आणि जॉब थंड झाल्यावर चिपिंगची हातोडी त्याच्याच हातात देऊन, आपण काही बोलण्याआधी, तो रिकामा रकाना त्याच्याकडूनच भरून घ्यावा.